जंगल तुटलं की मागे उरतं कोण?

काळ्या पायांची गोचीड अंड्यातून बाहेर पडते तेव्हा तिच्या अंगात लाइम रोगाचा (गोचिडीच्या चाव्यातून माणसाला होणाऱ्या आजाराचा) जिवाणू नसतो. आईकडून तो अंड्यात जवळजवळ उतरतच नाही. पहिलं रक्त ज्या प्राण्याचं मिळेल, त्याच्याकडून तो तिला मिळतो किंवा मिळत नाही. अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या जंगलांत हा पहिला प्राणी पांढऱ्या पायांचा उंदीर असेल, तर दहातल्या नऊ गोचिडी जिवाणू घेऊनच खाली उतरतात. चिपमंक असेल तर निम्म्या, खार असेल तर सातातली एखादी, आणि ओपोसम (मांजराएवढा, पोटाला पिशवी असलेला प्राणी) किंवा रॅकून असेल तर शंभरात एक ते तीन.

‘निसर्ग बिघडला की रोग वाढतात’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकतो की त्यातून काहीच कळेनासं होतं. रोग वाढतो तो एका ठरावीक साखळीतून, आणि परिसरातला बदल त्या साखळीच्या कुठल्या तरी एका कडीला धक्का देतो. कडी सापडली तर उपाय सापडतो. नाही सापडली तर भलतीकडेच औषध फवारलं जातं.

दोन शब्द आधी पक्के करून घेऊ. ज्याच्या अंगात रोगजंतू राहतो तो पोशिंदा, आणि त्याच्याकडून जंतू उचलून दुसऱ्याला नेऊन देतो तो वाहक. सगळे पोशिंदे सारखे नसतात. काहींच्या अंगात जंतू भरपूर वाढतो आणि चावणाऱ्या वाहकाला सहज मिळतो; त्यांना आपण पक्के पोशिंदे म्हणू. काहींच्या अंगात तो शिरतो आणि तिथेच अडकतो, ते कच्चे. वरचा उंदीर पक्का, ओपोसम कच्चा. (ओपोसम अंग चाटताना हजारो गोचिडी फस्त करतो, अशी एक गोष्ट मध्यंतरी फार फिरली. पिंजऱ्यातल्या प्रयोगावरून काढलेला तो अंदाज होता. रानातल्या ओपोसमांची पोटं तपासली तेव्हा गोचिडी सापडल्या नाहीत. त्याला कच्चा पोशिंदा म्हणावं, तेवढं पुरे.)

आता हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते आहेत. तुकडे झालेल्या एका जंगलात १००० पिल्लू गोचिडींना पहिलं रक्त मिळालं. त्यातल्या ८०० उंदरांवर चढल्या, २०० इतर प्राण्यांवर. उंदरांकडून ९० टक्के आणि इतरांकडून सरासरी १० टक्के बाधित होतात असं धरलं, तर ७२० अधिक २०, म्हणजे ७४० गोचिडी बाधित. शेजारच्या सलग जंगलात प्राणी तऱ्हेतऱ्हेचे आहेत. तिथे ३०० उंदरांवर गेल्या, ७०० इतरांवर. २७० अधिक ७०, म्हणजे ३४०. उंदीर दोन्हीकडे आहेत, जिवाणूही दोन्हीकडे आहे. दुसरीकडे बऱ्याच गोचिडींचं पहिलं जेवण जिवाणूच्या दृष्टीने वाया गेलं, एवढंच. अभ्यासक याला ‘डायल्यूशन इफेक्ट’ म्हणतात. साध्या मराठीत, संसर्ग पातळ होणं.

या हिशेबात एक अट दडलेली आहे आणि ती नेहमी विसरली जाते. नुसती प्रजातींची संख्या वाढून काही होत नाही. ज्या जास्तीच्या प्रजाती आहेत त्या कच्च्या असायला हव्यात, आणि त्यांनी एक तर पक्क्याच्या वाट्याचे चावे स्वतःवर घ्यायला हवेत, नाहीतर त्याला खाऊन किंवा त्याचं अन्न पळवून त्याची संख्या तरी आटोक्यात ठेवायला हवी. जास्तीची प्रजाती स्वतःच पक्की निघाली तर संसर्ग घट्ट होईल.

मग तरीही हा परिणाम इतक्या ठिकाणी का दिसतो? कारण प्रजाती जातात त्या चिठ्ठ्या टाकून जात नाहीत. जंगल तुटलं की आधी जातात शिकारी, मोठ्या अंगाचे, हळू वाढणारे, एखाददुसरं पिल्लू देणारे, ठरावीक झाड किंवा ठरावीक ओलावा लागणारे. मागे उरतात कुठेही भागवून घेणारे, लवकर वयात येणारे, भराभर वीण घालणारे. आणि नेमके हेच प्राणी पुष्कळदा पक्के पोशिंदे निघतात. याची दोन कारणं सांगितली जातात. एक म्हणजे अल्पायुषी प्राणी शरीरातली शक्ती महागड्या प्रतिकारयंत्रणेपेक्षा पिल्लांवर खर्च करतो. दुसरं कारण जंतूच्या बाजूचं आहे: जो पोशिंदा सगळीकडे आणि बारमाही भेटतो, त्याच्याशी जुळवून घेणंच जंतूला परवडतं. या दोहोंत कोणाचा वाटा किती, यावर मतभेद आहेत. २०२० मध्ये जगभरातल्या ६८०१ ठिकाणच्या प्राणिसमूहांची नोंद एकत्र करून पाहिली गेली. माणसाने वापरात आणलेल्या जमिनीवर, माणसाला होणारे रोग बाळगणाऱ्या प्रजातींचं प्रमाण शेजारच्या अबाधित परिसरापेक्षा जास्त निघालं. उंदीरवर्गीय प्राणी, वटवाघळं आणि लहान पक्षी यांच्यात हा फरक सगळ्यात ठळक होता.

हाच क्रम तळ्यातही दिसतो. कॅलिफोर्नियातली ३४५ तळी तपासणारा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. विषय होता रिबेइरोइया नावाचा चपटकृमी. तो गोगलगायीतून पाण्यात सुटतो, बेडकाच्या पिल्लाच्या पायाचा कोंब जिथे फुटत असतो तिथे घुसतो आणि त्या बेडकाला जास्तीचे, वाकडे किंवा अर्धवट पाय येतात. असा लंगडा बेडूक बगळ्याच्या तोंडी सहज लागतो. कृमीला तेच हवं असतं, कारण त्याची पुढची वाढ पक्ष्याच्या आतड्यात होते. पक्ष्याच्या विष्ठेतून अंडी पुन्हा तळ्यात, तिथून पुन्हा गोगलगायीत. ज्या तळ्यात बेडकाची एकच जात होती, तिथे ती बहुतेक वेळा पॅसिफिक कोरस बेडकाची होती. ती कुठेही पोचते आणि कृमीला सहज बळी पडते. कृमीला दाद न देणाऱ्या जाती समृद्ध तळ्यांतच भेटत होत्या. एका जातीच्या तळ्यांशी तुलना करता सहा जातींच्या तळ्यांत कृमीचा प्रसार ७८ टक्क्यांनी कमी होता.

हरीण, गुरं आणि फसवी टक्केवारी

इथवरचं चित्र जरा जास्तच गोड आहे. हरणाला मधे आणलं की ते विस्कटतं.

लाइमच्या जिवाणूसाठी हरीण कच्चा पोशिंदा आहे. म्हणजे वरच्या तर्काने हरणं वाढली की संसर्ग पातळ व्हायला हवा. पण प्रौढ गोचीड अंडी घालण्याआधीचं शेवटचं जेवण मुख्यतः हरणावरच करते, आणि पोट भरलेली एक मादी दोनेक हजार अंडी घालते. हरणं वाढली की गोचिडीच वाढतात. वरच्या हिशेबातल्या दुसऱ्या जंगलात हरणांमुळे पिल्लू गोचिडी १००० ऐवजी ३००० झाल्या असं समजा. ३४ टक्केच बाधित, पण ३००० चे ३४ टक्के म्हणजे १०२०. टक्केवारी निम्म्याहून खाली आली, आणि बाधित गोचिडी मात्र ७४० वरून १०२० वर गेल्या.

माकडतापात हरणाची ही भूमिका गुरांकडे आहे. १९५७ मध्ये कर्नाटकात शिवमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात माकडं पटापट मरू लागली आणि पाठोपाठ माणसं तापाने आजारी पडली, तेव्हा हा विषाणू सापडला. पुढे तो सह्याद्रीच्या रांगेने वायनाड, गोवा आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गापर्यंत पोचला. माकडाच्या आणि वानराच्या रक्तात विषाणू भरमसाट वाढतो. प्राणी मेला की अंग थंड पडतं, गोचिडी त्याला सोडून खाली उतरतात आणि त्या जागेभोवती बाधित गोचिडींचा पुंजका तयार होतो. म्हणून मेलेलं माकड दिसलं की ते कळवणं आणि त्या जागी न फिरकणं हा पहिला नियम आहे. गुरांच्या अंगात हा विषाणू फारसा टिकत नाही, पण जंगलात चरणाऱ्या गुरांवर प्रौढ गोचिडी पोसल्या जातात आणि अंडी घालतात. सलग गर्द रानापेक्षा रान, बागायत आणि चराई यांची सरमिसळ असलेल्या भागात धोका जास्त आढळतो, तो यामुळे. तिथे माकड, गाय आणि सरपण-पालापाचोळा गोळा करणारा माणूस एकाच वाटेवर येतात.

म्हणून ‘बाधित किती टक्के’ हा आकडा एकटा कधीच वापरू नये. लागतो तो दर १०० चौरस मीटरमध्ये बाधित निम्फ किती, हा. निम्फ म्हणजे गोचिडीची मधली अवस्था, लाइमच्या गोचिडीत खसखशीच्या दाण्याएवढी. माणसाला रोग बहुतेक वेळा हीच देते, कारण ती दिसतच नाही.

मोजायची रीत अवघड नाही. पांढऱ्या फ्लॅनेलचा एक मीटर लांब, एक मीटर रुंद तुकडा घ्यायचा, पुढच्या कडेला काठी शिवून दोरी बांधायची आणि मागच्या कडेला थोडं वजन लावायचं, म्हणजे कापड जमिनीला चिकटून सरकतं. सावकाश चालत ओढायचं. दर १० ते २० मीटरला थांबून दोन्ही बाजू तपासायच्या, चिकटलेल्या गोचिडी चिमट्याने अल्कोहोलच्या कुपीत टाकायच्या, आणि चाललेलं अंतर त्याच वेळी लिहून ठेवायचं. १०० मीटर ओढलं की १०० चौरस मीटर झाले. चुका इथेच होतात. दव किंवा पावसाने गवत ओलं असताना ओढलं तर कापड भिजतं आणि गोचिडी चिकटत नाहीत. तळपत्या दुपारी त्या पाचोळ्यात खाली गेलेल्या असतात. थांबण्यातलं अंतर वाढवलं की आधी चिकटलेल्या मधेच गळून पडतात. निम्फचा हंगाम सोडून मोजणी केली की रान निर्धोक वाटतं. शिवाय एकदा मोजून भागत नाही. हंगामात दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने, त्याच पट्ट्यांवर फेऱ्या कराव्या लागतात.

पुढचा घोळ प्रयोगशाळेत होतो. खर्च वाचवायला दहा-दहा निम्फ एकत्र वाटून तपासतात. गट बाधित निघाला म्हणजे त्यात किमान एक बाधित होती, एवढंच कळतं. दहातले सहा गट बाधित आले म्हणून ‘६० टक्के गोचिडी बाधित’ असं लिहिणं सरळ चूक आहे. किमान आकडा १०० मध्ये ६ आहे; खरा त्याच्या थोडा वर असतो, आणि तो काढायला वेगळं गणित लागतं.

आणखी एक गोष्ट: एका वर्षाच्या मोजणीवरून जंगलाबद्दल निष्कर्ष काढू नयेत. ओकच्या झाडांना एखाद्या शरद ऋतूत फळांचा बहर येतो. ती खाऊन पुढच्या उन्हाळ्यात उंदीर वाढतात. त्या उंदरांवर पोसलेल्या पिल्लू गोचिडी त्याच्या पुढच्या वर्षी निम्फ होऊन माणसाला चावतात. बहर आणि रोग यांत पावणेदोन वर्षांचं अंतर पडतं. मधल्याच वर्षी मोजलं तर उंदीर भरपूर आणि बाधित निम्फ कमी, असं उलटं चित्र हाती येतं.

एक-दोन अंशांनी इतकं काय होतं

तापमानाचं गणित डासाच्या आयुष्याशी बांधलेलं आहे. फाल्सिपेरम मलेरियाचा परजीवी डासाने रक्ताबरोबर घेतला की तो लगेच पुढे जात नाही. डासाच्या पोटात वाढून लाळग्रंथीपर्यंत पोचायला त्याला ठरावीक ऊब मिळावी लागते. जुनं, अजूनही वापरात असलेलं सूत्र असं: सरासरी तापमानातून १६ वजा करा आणि १११ ला त्या संख्येने भागा. येतील तितके दिवस लागतात. २० अंशांना सुमारे २८ दिवस, २५ अंशांना १२, ३० अंशांना ८.

आता डास किती जगतो ते बघा. रोज दहातला एक मरतो असं धरलं, तर १२ दिवसांनी शंभरातले २८ उरतात आणि २८ दिवसांनी फक्त पाच. म्हणजे २० अंशांवरून २५ वर गेलं की रोग पुढे देण्याइतकं जगणारे डास पाच-सहा पट होतात. डासांची पैदास एकानेही वाढलेली नसताना. थंड डोंगराळ भागात दोन अंशांची वाढ इतकी महाग का पडते, ते यात आहे.

पण हा आलेख वर वर जातच राहत नाही. उष्णता फार झाली की डासच लवकर मरतात. मलेरियाच्या प्रसाराला सगळ्यात सोयीचं तापमान २५ अंशांच्या आसपास मानलं जातं. एडिस इजिप्ती डास पसरवत असलेल्या डेंगीला २९ च्या आसपास. त्यामुळे तापमानवाढीने एखाद्या उष्ण सखल भागात मलेरिया घटेल आणि तिथेच डेंगीला बळ मिळेल, हे शक्य आहे. हिशेब करताना हवामान केंद्राची मासिक सरासरी तशीच उचलू नये. डास घरात, गोठ्यात विसावतो, आणि आतली ऊब बाहेरच्यापेक्षा वेगळी असते. दिवस-रात्रीचा चढउतारही मोजावा लागतो: थंड भागात त्याने परजीवीची वाढ सरासरीच्या अंदाजापेक्षा लवकर होते, उष्ण भागात उशिरा.

हवाई बेटांवरच्या हनीक्रीपर पक्ष्यांवर हेच गणित उलटलं आहे. या बेटांवर डासच नव्हते. १८२६ मध्ये एका जहाजाच्या पाण्याच्या पिंपांतून क्युलेक्स डास उतरला, नंतर बाहेरून आणलेल्या पक्ष्यांबरोबर पक्ष्यांचा मलेरिया आला. स्थानिक पक्ष्यांनी हा रोग कधी पाहिलेलाच नव्हता. इवी या लाल पक्ष्याला बाधित डासाचा एक चावा बहुधा जीवघेणा ठरतो. हा परजीवी साधारण १३ अंशांखाली वाढत नाही, म्हणून १५०० मीटरच्या वरची थंड रानं ही शेवटची सुरक्षित जागा उरली. आता ती ऊबदार होत चालली आहेत. कवाई बेटाचं सर्वांत उंच शिखरच १६०० मीटरच्या आत आहे. तिथल्या पक्ष्यांना आणखी वर सरकायला जागा नाही. आणि डासांना पाणी कोण पुरवतं? माणसाने आणून सोडलेली डुकरं. ती वृक्षनेच्यांची खोडं पिठूळ गरासाठी कोरतात, त्या खळग्यांत पावसाचं पाणी साचतं आणि त्यात डासांच्या अळ्या वाढतात. म्हणून तिथे कुंपण घालून डुकरं बाहेर ठेवणं हाही रोगनियंत्रणाचाच भाग आहे. २०२३ पासून माऊई बेटावर असे नर डास सोडले जात आहेत की त्यांच्याशी जुळलेल्या माद्यांची अंडी उबत नाहीत.

कधी कधी जंतू कुठून येतही नाही. आधीपासून असतोच आणि हवामान त्याला मोकळं करतं. मे २०१५ मध्ये कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशात विण्यासाठी जमलेली दोन लाखांहून अधिक सायगा हरणं तीन आठवड्यांच्या आत मेली. कारण गुरांना होणाऱ्या घटसर्पाचा जिवाणू (माणसांतल्या घटसर्पाचा नव्हे), जो निरोगी प्राण्याच्या घशातही निवांत राहू शकतो. त्या दिवसांत हवा नेहमीपेक्षा उबदार आणि अतिशय दमट होती. जुलै २०१६ मध्ये सायबेरियातल्या यामाल भागात पारा ३५ अंशांकडे गेला, गोठलेली जमीन सुटली आणि दोन हजारांहून जास्त रेनडिअर अँथ्रॅक्सने गेले. एक मुलगाही दगावला. अर्थात तिथे २००७ पासून रेनडिअरचं लसीकरण बंद होतं, हेही विसरून चालत नाही.

धरण, कोळंबी आणि गोगलगाय

पाण्यातला बदल किती लांबून वार करतो, याचा सेनेगल नदीइतका स्वच्छ दाखला दुसरा नाही. समुद्राचं खारं पाणी आत शिरू नये आणि सिंचनाला गोडं पाणी मिळावं म्हणून १९८६ मध्ये नदीच्या मुखाजवळ दियामा धरण झालं. दोनेक वर्षांतच वरच्या भागातल्या रिशार तोल शहरात आतड्याच्या शिस्टोसोमियासिसची मोठी साथ आली. या रोगाचा कृमी गोड्या पाण्यातल्या गोगलगायीत वाढतो आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या त्वचेतून आत घुसतो.

झालं काय होतं? पूर्वी दरवर्षी चढणारं खारं पाणी गोगलगायींना मारत होतं, ते थांबलं. पाण्याची पातळी स्थिर झाली, गोगलगायींना हवी तशी. शेतातली खतं पाण्यात उतरून पाणवनस्पती माजल्या, गोगलगायींना घर आणि खाणं दोन्ही मिळालं. आणि चौथी गोष्ट लक्षात यायला बराच काळ गेला: नदीत एक मोठी कोळंबी होती, जी गोगलगायी खायची. तिची पिल्लं मुखाजवळच्या मचूळ पाण्यातच वाढतात. धरणाने ती वाट बंद केली आणि वरच्या नदीतून कोळंबी जवळजवळ नाहीशी झाली.

औषध देऊन लोक बरे होत, पण त्याच पाण्यात उतरले की पुन्हा बाधित. गोगलगायी मारणारी रसायनं टाकून बघावं तर या गोगलगायी उभयलिंगी. एकटी उरली तरी तिच्यापासून वस्ती पुन्हा उभी राहते. शिवाय माजलेल्या वनस्पतींच्या आड रसायन नीट पोचत नाही. ज्या ठिकाणी कोळंबी पुन्हा सोडून पाहिली, तिथे बाधित गोगलगायी आणि माणसांतला पुनर्संसर्ग दोन्ही घटले. पुढे १६ गावांत घाटावरच्या पाणवनस्पती उपसण्याची चाचणी झाली, निष्कर्ष २०२३ मध्ये आले. जिथे उपसा झाला त्या गावांतल्या मुलांना आतड्याचा संसर्ग कमी झाला, आणि उपसलेलं गवत खत आणि चारा म्हणून कामी आलं. मात्र हे एकदा करून चालत नाही, वनस्पती पुन्हा माजतात. औषधोपचार बंद करून नुसता उपसा करणंही बरोबर नाही.

शेतातही हेच तत्त्व चालतं. १९९८-९९ मध्ये चीनच्या युन्नान प्रांतात करप्याला लगेच बळी पडणारा चिकट भात आणि करप्याला दाद न देणारा संकरित भात आलटून पालटून ओळींत लावला. चिकट भातावरचा करपा ९४ टक्क्यांनी घटला आणि बुरशीनाशक फवारणं थांबवता आलं. बीजाणू उडून शेजारच्या ओळीत पडतो आणि तिथे त्याचं काही चालत नाही.

सगळीकडे हेच घडतं का?

नाही. २०२४ मध्ये शेकडो अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. जैवविविधतेचा ऱ्हास, बाहेरच्या प्रजाती, हवामानबदल आणि रासायनिक प्रदूषण यांनी रोग वाढतो असं त्यात दिसलं. शहरीकरणाने मात्र एकूण रोग कमी होतो, बहुधा पाणी-सांडपाण्याच्या सोयींमुळे आणि वन्यजीवच कमी उरल्यामुळे. अधिवास बदलण्याचा एकसंध परिणाम दिसला नाही. त्यात आश्चर्य वाटायला नको, कारण जंगल तोडून काय केलं आणि तिथला रोग कोणता, यावर सगळं ठरतं. शिवाय समृद्ध जंगलात जंतूंच्याही जाती जास्त असतात. जंतू असणं आणि माणसापर्यंत पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘जंगल वाचवा, रोग टळतील’ अशी सरसकट हमी देणाऱ्याने हरणाचा हिशेब केलेला नसतो.

प्रजाती गेल्याचा परिणाम भलत्याच रोगात उमटतो, असंही होतं. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली. उघड्यावर पडलेल्या मढ्यांवर कुत्री पोसली गेली आणि पाण्यात घाण गेली. यामुळे २००० ते २००५ मध्ये सुमारे पाच लाख जादा मृत्यू झाले, असा अंदाज दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये मांडला. तो सांख्यिकी अंदाज आहे, प्रत्येक मृत्यूचं कारण तपासून काढलेला आकडा नाही. पण दिशा पटण्यासारखी आहे. कोस्टा रिका आणि पनामात कायट्रिड बुरशीने बेडूक संपवले, त्यापाठोपाठ मलेरिया वाढल्याचं २०२२ च्या एका अभ्यासात दिसलं. डासांच्या अळ्या खाणारे कमी झाले, हे त्याचं संभाव्य कारण.

उपाशी वटवाघूळ

१९९४ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या हेन्ड्रा उपनगरात घोडे मेले आणि त्यांच्या संपर्कातला एक माणूसही. विषाणू फळं-फुलं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांचा. त्यांच्या मुताने भिजलेलं गवत घोडा खातो, आणि घोड्याकडून माणसाला लागण होते. आतापर्यंत सात माणसांना ती झाली, चौघं दगावली. पहिला सोपा विचार असा की वटवाघळं हाकलावीत. पण ती तिथे का आली, हे पाहायला हवं होतं.

१९९६ ते २०२० या पंचवीस वर्षांच्या नोंदी जुळवल्यावर ते कळलं. ही वटवाघळं मोठ्या थव्यांनी फिरस्ती करतात, जिथे युकॅलिप्टस फुलेल तिथे जातात. हिवाळ्यात फुलणारी झाडं मुळात थोडी, आणि तीच रानं शेती-वस्तीसाठी बरीच तोडली गेली. एल निन्योच्या वर्षानंतर मध आटला की थवे फुटतात, लहान टोळ्या बागा आणि कुरणांजवळच्या झाडांवर मुक्काम टाकतात. तिथे वर्षभर काहीतरी मिळतं, पण हलक्या प्रतीचं. अशा उपासमारीच्या वर्षानंतरच्या हिवाळ्यात वटवाघळं विषाणू जास्त बाहेर टाकतात, आणि तेव्हा ती घोड्यांच्या डोक्यावरच असतात. ज्या हिवाळ्यात उरलेल्या रानात भरघोस फुलोरा आला, त्या हिवाळ्यात थवे तिकडे गेले आणि एकाही घोड्याला लागण झाली नाही.

झाडावरून थव्याला हुसकावलं तर तो आणखी फुटतो, आणखी उपाशी राहतो आणि दुसऱ्या कुरणावर जातो. म्हणून काम दोन टोकांनी करावं लागतं. घोड्याच्या बाजूने: २०१२ पासून मिळणारी लस, दाणा-पाण्याची भांडी झाडाखालून हलवणं, फुलोऱ्याच्या दिवसांत रात्री घोडे त्या झाडांखाली न सोडणं. वटवाघळाच्या बाजूने: हिवाळी फुलोऱ्याची उरलेली रानं न तोडणं आणि त्याच जातींची नवी लागवड. लावलेलं झाड थवा पोसण्याइतकं फुलायला बरीच वर्षं लागतात. तोवर लस आणि भांड्यांची जागा यांवरच भिस्त.